पंधरा दिवसांचे बिऱ्हाड

१ जून १९४६, शनिवार. सातारा.

तेहेतीस वर्षे सरकारची डायरी लिहिली. कोणत्या गावी मुक्काम, किती शेते पाहिली, घोड्याचा भत्ता किती. काल पाटणच्या कचेरीत शेवटचा हार गळ्यात घालून घेतला आणि आज ही स्वतःची वही सुरू केली. हिच्या पानांवर मामलेदाराची सही व्हायची नाही, तेव्हा खरे लिहायला हरकत नाही.

सोमवार पेठेत नानासो म्हणून एक गृहस्थ आहेत, त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्या पंधरा दिवसांपुरत्या घेतल्या आहेत. तेवढ्यात कायमची जागा ठरवायची. आम्ही माणसे दोनच. मूलबाळ झाले नाही. पेन्शनीत भागेल असे भाडे आणि उरलेले आयुष्य सुखाने जाईल असे गाव, एवढेच पाहिजे. या कामाला पंधरा दिवस म्हणजे चैनच म्हणायची.

सामानाच्या अकरा पेट्या झाल्या. घरात पाऊल टाकताच कुटुंबाने पहिल्या पेटीची दोरी सोडायला घेतली. मी म्हटले, "पेट्या सोडू नकोस. पंधरा दिवसांसाठी कशाला पसारा?" तिने दोरी पुन्हा बांधली. चौदा बदल्या झाल्या आमच्या, तिला सांगावे लागत नाही. एक पातेले, एक तवा, परात आणि दोन ताटे बाहेर ठेवली आहेत. उत्तम चालले आहे.

४ जून, मंगळवार.

पद्धत ठरवली. सर्कल इन्स्पेक्टर म्हणून जन्मभर पिकांची आणेवारी काढली. शेताच्या बांधावर उभे राहायचे, कणसे चोळायची आणि ठरवायचे की पीक सोळा आण्यांपैकी किती आणे. बारा आणे म्हणजे चांगले, चार आणे म्हणजे दुष्काळ. तीच पद्धत घराला का लावू नये? पाण्याला चार आणे, हवेला तीन, भाड्याला तीन, बाजाराला दोन, शेजाराला दोन, देऊळ एक, दवाखाना एक. बेरीज बरोबर सोळा. चौदा आण्यांच्या खाली घर घ्यायचे नाही.

ही तांदूळ निवडत होती. तिला सगळे वाचून दाखवले आणि विचारले, काही राहिले का? म्हणाली, "मला रस्त्याकडची खिडकी हवी. खालून कोणी हाक मारली तर ओ देता येईल अशी."

मी समजावून सांगितले की सोळाही आणे वाटून झाले आहेत. खिडकीला आता काही शिल्लक नाही.

१९ जून, बुधवार.

पंधरा दिवस झाले. नऊ घरे पाहिली. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचे घर हवेला तीनपैकी तीन आणे, पण ती हवा इतकी की माझी टोपी दोनदा जिन्याखाली गेली. मंगळवार पेठेतले घर पाण्याला उत्तम, पण मालकाला खोकला आहे. रोज सकाळी तो ऐकावा लागणार, म्हणून शेजाराचे दोन्ही आणे कापले. एकंदर सव्वादहा.

आणखी पंधरा दिवस लागतील.

९ जुलै, मंगळवार.

वाईला जाऊन आलो. घाट, नदी, देवळे, सगळे चित्रात काढावे तसे. भाडेही कमी. गावात शिरलो तेव्हा तेरा आणे धरले होते. दुपारी घाटावर तीन पेन्शनर भेटले. तिघेही तासभर आपापल्या बद्धकोष्ठाबद्दल बोलले. मला माझे पुढचे दिवस तिथे बसलेले दिसले. सात आणे.

हिला सांगितले तेव्हा हसली आणि म्हणाली, "मग तुम्ही काय सांगितलंत त्यांना?" मी इसबगोल सुचवला होता, हे खरे आहे.

२८ जुलै, रविवार.

नानासो वर आले. माणूस भला, पण बोलायला सडेतोड. म्हणाले, "तात्या, पंधरा दिस कवाच झालं. तुमी ऱ्हावा, माझी ना न्हाई. पर त्या पेट्या तरी सोडा की. अर्ध्या जिन्यात हायत्या, मानूस आडवं होऊन वर येतंय."

मी म्हटले, बस आता, याच महिन्यात ठरते आहे.

"आवं, पोरीला सोयरीक बघताना बी येवढं बघत न्हाईत," म्हणाले, आणि आडवे होऊन खाली गेले.

नानासोंच्या घरच्यांचा रॉकेलचा अर्ज हिने लिहून दिला म्हणे. मी पाहिला. 'सबब' योग्य जागी आणि 'विनंती विशेष' शेवटी. तीस वर्षे माझे मसुदे कानावर पडून बायकोलाही वळण लागते. हिला तसे सांगितले. तिने विचारले, "'कायम' आणि 'तहहयात' यात फरक काय?" अशी जिज्ञासा बायकांत क्वचित दिसते. अर्धा तास समजावले: तहहयात म्हणजे मरेपर्यंत, कायम म्हणजे मुदतच नाही.

११ ऑगस्ट, रविवार.

आज खरे लिहितो. काल एक घर साडेतेरा आण्यांना आले. फक्त अर्धा आणा कमी. भाडे परवडते, पाणी बारमाही, शेजारी निवृत्त शिक्षक. ही नुसती उंबऱ्यात उभी होती, पण तिने पदर खोचला होता. घर झाडायला घेताना खोचते तसा. मालक म्हणाला, "मग, किल्ली देऊ?" आणि मी हात मागे घेतला. उद्या सांगतो म्हणालो. आज नाही सांगितले.

आजवर मी राहण्याचे गाव कधी निवडलेच नाही. हुकूम यायचा: अमुक तारखेस अमुक ठिकाणी हजर व्हावे. गाव वाईट निघाले तर शिव्या वरच्या साहेबाला देता यायच्या. आता चुकलो तर कोणाला देणार? म्हणून सोळा आणे पाहिजेत. सोळा आण्यांचे घर चुकू शकत नाही.

घरी येईपर्यंत हिने पदर सोडला होता.

२६ ऑगस्ट, सोमवार.

सांगलीहून शरयूचे पत्र. ही हिची धाकटी बहीण, विधवा, एकटीच राहते. नदीच्या घाटावर पाय घसरून उजवा हात मोडला. हिला बोलावले आहे. जाणे भाग आहे. शरयूकडे भांडीकुंडी बेताची, म्हणून ही आपली एक पेटी बरोबर नेते आहे. मी विचार केला: माझा हुकूम इथे पेटी न सोडण्याचा आहे. सांगलीत सोडली तर हुकूम मोडत नाही. परवानगी दिली.

सिकंदरचा टांगा आला. पेटी खाली नेताना मी दार धरले.

३ सप्टेंबर, मंगळवार.

दिल्लीत हंगामी सरकार बसले. वर्तमानपत्रात त्याचीच चर्चा. मला त्या मंडळींची काळजी वाटते. हंगामी बिऱ्हाडात माणसाचे किती लक्ष लागते ते मी जाणतो.

खानावळीत जेवतो. आमटी म्हणजे आडाचे पाणी, वर हळदीचा आशीर्वाद.

२२ सप्टेंबर, रविवार.

हिला पत्रातून सांगलीची माहिती विचारली होती. तिचे उत्तर मुद्देसूद आले: "आडाला बारमाही पाणी. उन्हाळा कडक, पण भिंती जाड. पुराचे पाणी या आळीपर्यंत येत नाही, जुन्या माणसांना विचारले. बाजार चार मिनिटे. समोरच्या शालूबाई हळदीच्या व्यापारी, एकट्या, मनाने मोठ्या. त्यांची दोन खोल्यांची जागा रिकामी आहे, रस्त्याला खिडकी आहे."

आणेवारी केली: साडेनऊ. सांगली पडले संस्थान, इंग्रजी मुलखाबाहेर. पेन्शन घ्यायला साताऱ्याच्या खजिन्यात यावे लागणार, तिथे भाड्याचा दीड आणा कापला. तरी हिने माहिती उत्तम जमवली, हे कळवले. खिडकीचा उल्लेख अनावश्यक होता, हेही कळवले.

६ ऑक्टोबर, रविवार.

ही दसऱ्याला आली. तब्येत सुधारलेली दिसते. बहिणीची सेवा करून कोणाची तब्येत सुधारलेली मी प्रथमच पाहिली.

नानासोंची जिन्याबद्दल पुन्हा कुरकुर. त्यावर मला एक नामी कल्पना सुचली. ही सहज म्हणाली होती की शरयूकडे माजघर रिकामे पडले आहे. मी लगेच ठरवले, की काही पेट्या तात्पुरत्या तिकडे ठेवाव्यात! जिना मोकळा होईल आणि ठरलेल्या गावी तिथून मागवता येतील. हिने मान डोलावली. निर्णय घ्यायला मला वेळ लागतो असे म्हणणाऱ्यांनी हे पाहायला हवे होते.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार.

दिवाळी. चकल्या झाल्या. मी विचारले, सोऱ्या कुठून आला? "आपलाच," म्हणाली. "तिकडून आणला."

"म्हणजे ती पेटी सोडली होतीस?"

"हो."

"पुन्हा बांधलीस ना?"

ती कढईत पाहत होती. तळण करपते, त्या वेळी बायकांना प्रश्न विचारू नयेत. चकली खुसखुशीत झाली होती. कढईसुद्धा आपलीच दिसली.

२८ ऑक्टोबर, सोमवार.

शरयूचा हात अजून वळत नाही. ही चार पेट्या घेऊन गेली. मी पुन्हा दार धरले. माडीवर आता सहा राहिल्या. किती ऐसपैस वाटते!

जाताना हिने माझी जुनी टाक-दौत आणि अर्जाचा जाड कागद मागितला. शरयूला पत्रे लिहायला म्हणे. मोडलेल्या हाताने शरयू कशी लिहिणार ते माझ्या लक्षात आले नाही, पण दिला.

१८ नोव्हेंबर, सोमवार.

घात झाला. ते ऑगस्टमधले साडेतेरा आण्यांचे घर पुन्हा जाऊन पाहिले. हिवाळ्यातल्या उन्हाचा अर्धा आणा धरून ते चौदा होत होते! मालकाला म्हणालो, घेतो. तो म्हणाला, सप्टेंबरात एका पोस्टमास्तरने घेतले, त्यांच्या सुनेचे बारसेही झाले तिथे. 'नातवाचे' म्हणायचे होते त्याला. मी दुरुस्त केले आणि परत आलो.

दिवसभर हळहळलो. मग असेही वाटले, की ते घर गेल्याचे कळल्यावरच मी 'घेतो' म्हणालो असतो तर किती बरे. चुकलो, उलट लिहिले. मी 'घेतो' म्हणालो तेव्हा ते गेलेले असावे अशी माझी आतून इच्छा होती. हे कोणाला दाखवायचे नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार.

ही मध्यंतरी दहा दिवस येऊन परत गेली, तीन पेट्या कमी करून. दुसऱ्या खेपेला आणखी दोन गेल्या. आता माझ्या दप्तराची तेवढी एक पेटी आहे. हिच्या टापटिपीला तोड नाही.

आज रेशन आणायला स्वतः गेलो. लालासाहेबांच्या दुकानात साखर मिळाली ती निम्मी. मी हटकले. लालासाहेब म्हणाले, "तात्या, कार्डावर येकच मानूस हाय. म्या तरी काय करू?"

कार्ड पाहिले. 'दोन' वर रेघ मारून 'एक' केले आहे, बाजूला आद्याक्षरे आहेत. उघड खाडाखोड! माझ्या बायकोच्या साखरेवर डल्ला! तेहेतीस वर्षे सरकारची चाकरी केलेल्या माणसाशी गाठ आहे म्हणावे.

"आवं, आदी घरात तर इचारा," लालासाहेब म्हणाले. घरात विचारण्यासारखे कोणी नव्हते. मी सात कलमांचा तक्रारअर्ज केला. सहावे कलम विशेष जमले: "सदरहू इसम नामे माझे कुटुंब हे हयात असून माझेजवळच राहत आहे."

२० जानेवारी १९४७, सोमवार.

कचेरीचे उत्तर आले. जसेच्या तसे उतरून घेतो.

"श्री. मधुकर केशव आठल्ये यांस. आपले तक्रारीची चौकशी केली. सदर कार्डावरील एक इसम नामे सौ. चारुशीला मधुकर आठल्ये यांनी दि. २७ नोव्हेंबर रोजी समक्ष हजर राहून स्वतःचे अर्जाने नाव कमी करून घेतले व दाखला नेला. सांगली येथे त्यांचे नावे स्वतंत्र कार्ड झाले आहे. खाडाखोड नियमानुसार. सबब तक्रार दप्तरी दाखल."

तीनदा वाचले. चूक शोधत होतो. उत्तर नियमानुसार आहे.

२२ जानेवारी, बुधवार.

फी भरून हिच्या अर्जाची नक्कल मागितली. कारकून माझ्याकडे बघेना. तरुण मुलगा आहे, लाजला असावा.

अक्षर हिचेच. मसुदा निर्दोष आहे. 'सबब' जागच्या जागी. मी लिहिला असता तरी एक शब्द इकडचा तिकडे केला नसता. स्थलांतराचे कारण या सदरात लिहिले आहे:

"पतींचे वास्तव्याचे ठिकाण अद्याप ठरलेले नाही. माझे ठरले आहे."

त्याखाली: "वास्तव्य: कायम." 'तहहयात' लिहिले नाही. फरक तिला नीट समजला होता.

संध्याकाळी जेवलो नाही. रागावलो होतो असे लिहिणार होतो, पण राग नव्हता. पेट्या खाली जात होत्या आणि मी साडेतीन महिने दार धरून उभा राहिलो.

२५ जानेवारी, शनिवार. सांगली.

सर्व्हिस मोटारीने आलो. वाटेत सतरा वाक्ये तयार केली. पहिले होते: "हा काय प्रकार आहे?"

आळी सापडली. एका खिडकीसमोर सहा-सात माणसे उभी, बहुतेक बायका. मी पुढे सरकू लागलो तसे ओट्यावर बसलेल्या एका दणकट बाईने अडवले. तीच शालूबाई. हात हळदीने कोपरापर्यंत पिवळे.

"आवं पावनं, नंबरानं या. अर्ज कसला हाय तुमचा? रेशनचा का घराचा?"

मी म्हटले, घराचा.

"मग त्या म्हातारीच्या मागं हुबं ऱ्हावा. बाई लय झ्याक लिवत्यात. कचेरीतनं परत येत न्हाई कागुद. माज्या वखारीचं समदं कागुदपत्तर त्याच बघत्यात, म्हनून मी खोलीचं भाडं घेत न्हाई. आन् मालक त्यांचं साताऱ्याला असत्यात म्हनं. सरकारी कामात लय गुतल्यात."

मी म्हातारीच्या मागे उभा राहिलो. नाव सांगायचा धीर झाला नाही. म्हातारीचे नाव हुसेनबी, मुलगा सैन्यात मेला, त्याच्या पेन्शनचा कागद. खिडकीच्या आत माझी टाक-दौत, माझा जाड कागद आणि माझी बायको. "आजी, अंगठा इथं. घाई नाही," असे म्हणत होती. तेहेतीस वर्षांत मी एकाही अर्जदाराला 'घाई नाही' म्हटलेले आठवत नाही.

मग माझा नंबर आला. तिने मान वर केली. सतरापैकी एकही वाक्य आठवले नाही.

"आत या," ती म्हणाली. "चहा टाकते. दार पलीकडून आहे."

घर पाहिले. दहाच्या दहा पेट्या रिकाम्या, एकावर एक रचून त्यांची मांडणी केलेली. वर डबे. पितळी भांडी, जी मी आमच्या लग्नानंतर एकत्र अशी पाहिलीच नव्हती, सगळी उजेडात. हात आपोआप वहीकडे गेला: पाणी, हवा...

"मोजू नका," ती म्हणाली. रागाने नाही.

"मला न सांगता?" मी म्हटले.

"सांगितलं होतं. पत्रात सगळं लिहिलं होतं. तुम्ही साडेनऊ आणे दिलेत."

"पण निदान..."

"अहो, बत्तीस वर्षं जिथं हुकूम झाला तिथं आले. एकदा तरी कुरकुर केली? पण आता हुकूम देणारं कोणी राहिलं नाही आणि तुम्ही पेट्या बांधून त्याची वाट बघत बसलात. मला माझी कढई बाहेर काढायची होती. शेहेचाळीस वर्षांची झाले मी. दोन ताटांच्या संसारात मला मरायचं नव्हतं."

शरयू दारात उभी होती. तिचा हात चांगला बरा दिसला. चहाच्या दोन कपबशा तिने त्याच हातात आणल्या. "भाऊजी, बसा ना," म्हणाली, आणि डोळे पुसायला आत गेली.

"आणि मी?" मी विचारले. आवाज माझा मलाच अर्जदाराचा वाटला.

"तुम्ही यावं म्हणून रोज दिवा लावताना म्हणते. पण पाहणीला येऊ नका. राहायला यायचं तेव्हा या."

संध्याकाळच्या मोटारीने परत निघालो. ती थांबा म्हणाली नाही. डब्यात दशम्या दिल्या.

३१ जानेवारी, शुक्रवार. सातारा.

आणेवारी पुन्हा केली. पाणी, हवा, भाडे. पेन्शनीचे कापलेले परत दिले. बारा आणे झाले. चौदाला दोन कमी.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.

माडी ऐसपैस आहे. इतकी, की खोकलो तर परत ऐकू येतो.

नानासो वर आले, आता सरळ. घडीभर बसले. जाताना म्हणाले, "तात्या, रागावू नगा. पर वैनी गेल्यात त्या काय वाईट जागी न्हाई गेल्या."

१६ फेब्रुवारी, रविवार.

मला हिची आठवण येते. वही खाजगी आहे म्हणून लिहितो. इतकी वर्षे ती शेजारी होती, तेव्हा आठवण काढायचे कारण पडले नाही. आज चहा करताना दोन कप आधण ठेवले.

सोळा आण्यांचे पीक मी जन्मात कधी पाहिले नाही. कागदावरही लिहिले नाही. मग घर कोणत्या मळ्यात पाहत होतो?

२३ फेब्रुवारी, रविवार.

निघतो आहे. दप्तराची पेटी सिकंदरने टांग्यात घातली. मी त्याला म्हटले, "इतक्या पेट्या नेल्यास, एकदा तरी मला सांगायचंस."

"आवं तात्या, काय सांगायचं? मला वाटलं तुमीच बिऱ्हाड हलवताय. दर खेपंला तुमीच तर दार धरून हुबं असायचा."

नानासोंनी पंधरा दिवसांच्या बिऱ्हाडाला निरोप दिला तेव्हा नवव्या महिन्याचा शेवट चालू होता.

२६ फेब्रुवारी, बुधवार. सांगली.

आज रेशन कचेरीत गेलो, दोघे. हिच्या कार्डावर माझे नाव चढवायचे होते. ही म्हणाली, अर्ज मी लिहिते. मी म्हटले, छे, माझा अर्ज मीच लिहिणार. रात्रभर विचार करून सकाळी लिहून काढला होता.

रांग मोठी होती. कारकून चष्म्यावरून बघत म्हणाला, "कार्ड कुणाच्या नावावर हाय?"

मी म्हटले, "घरच्यांच्या."

"घरच्यांना नाव आसंल की."

ही बाजूला उभी होती. तिला सांगता आले असते. ती कारकुनाच्या शाईच्या दौतीकडे पाहत राहिली. लग्नात नाव घ्यायला लावले होते, त्यानंतर घेण्याचा प्रसंग आला नव्हता. मी हळू म्हटले. तो म्हणाला, "मोठ्यानं बोला, पंखा वाजतोय."

"चारुशीला," मी म्हणालो. रांगेतल्या दोन बायकांनी वळून पाहिले. हिचे कान लाल झाले.

"नातं?"

"नवरा," मी म्हणालो. त्याने 'पती' लिहिले.

"कुटुंबप्रमुखाची सही लागंल," म्हणत त्याने माझा अर्ज हिच्याकडे सरकवला. आता ही पटकन सही करील आणि घरी जाऊ असे मला वाटले. पण ती वाचू लागली. पहिल्या ओळीपासून, बोट ठेवून. मागे माणसे खोकू लागली. तिने सही केली नाही तर मला कुठे जायला जागा नाही, हे तेव्हा प्रथम लख्ख कळले. सातारची माडी मी सोडून आलो होतो.

शेवटच्या सदरावर तिचे बोट थांबले. तिथे मी लिहिले होते: "वास्तव्य: तूर्त सांगली." कायदेशीर सावधगिरी म्हणून लिहिले होते. हात त्याच वळणाचा आहे, काय करणार.

तिने टाक उचलला, शाईत बुडवला आणि माझ्या हातात दिला.

मी पाहिले. तिने स्वतः खोडले असते तर मला पुढे केव्हातरी म्हणता आले असते की ते तिने खोडले.

मी 'तूर्त' वर रेघ मारली. वर 'कायम' लिहिले. खाडाखोडीवर सही लागते, ती केली. अक्षर वाचता येते.

मग तिने खाली सही केली.